धाकटे मालक आणि पॉटी

आमच्या घरचे धाकटे मालक अडीच वर्षांचे झाले, पण अजून बोलत नाहीत. या वयात मुलांच्या तोंडी निदान ५० शब्द असावेत म्हणतात. आमच्या नातवाकडे ‘गा’ आहे. गाय, गाडी, गादी, गाजर, सगळं त्यात बसतं. बेरा चाचणीत कान ठणठणीत निघाले, स्पीच थेरपी चालू आहे. प्रश्न उरला डायपरचा.

शेजारच्या काकू म्हणतात, “आधी बोलू दे, मग सांगेल आपोआप.” थेरपिस्टबाईंना हे मुळीच मान्य नाही. त्यांनी वेगळंच विचारलं. साधं सांगितलेलं कळतं का? चड्डी ओली झाली की अवघडतो का? सलग दोन तास कोरडा राहतो का? तोंडाने ‘शी’ म्हणतो का, हे विचारलंच नाही.

मला आमची आई आठवली. पाय लांब करून बसायची, पावलांवर तान्ह्याला धरायची आणि ‘शूऽऽ’ करायची. तेव्हा कुठलं बाळ बोलत होतं? खरं तर तयार आईच व्हायची. वेळ बरोबर तिला कळायची.

तसं आमचे मालक कळवतात भरपूर. शी आली की पडद्यामागे जातात, खिडकीचा गज धरतात, गाल फुगवतात आणि कोणी डोकावलं तर हाताने हाकलून लावतात. तेवढ्यात उचलून पॉटीवर न्यायचं. जेवणानंतर थोड्या वेळाने आतडी हलतातच, तेव्हा तर न विचारता बसवायचं. पाय लटकले की जोर लावता येत नाही, म्हणून पायाखाली माझा पूजेचा पाट गेला. मी सध्या चटईवर बसतो.

शू आली की पोटावर थाप मारायची, ही बाईंनी शिकवलेली खूण. खुणांमुळे बोलणं मागे पडत नाही. मात्र घरातल्या सगळ्यांनी तोंडाने ‘शू’ म्हणत ती करायला हवी. परवा सूनबाईंनी ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवरूनच त्याला थाप मारून दाखवली. साहेबांनी ताबडतोब जेवणाची सुट्टी दिली.

घरी येणाऱ्यांना एकच विनंती. “अजून बोलत नाही का?” असं त्याच्यासमोर विचारू नका, त्याला सगळं कळतं. आणि तो पोटावर थाप मारू लागला, तर भूक लागली असेल म्हणून बिस्किट देऊ नका. बाथरूम डावीकडे आहे.