काट्यावर किरणोत्सार

नाशकात जे लोखंडाचं आहे आणि ज्यावर कुणी बसलेलं नाही, ते सकाळपर्यंत जागेवर राहील याची खात्री कुणी देत नाही. चेंबरची झाकणं जातात, नळांचे मीटर जातात, रस्त्याकडेचे कठडे जातात. पोलीस येतात, पंचनामा करतात, ‘अज्ञात इसम’ असं लिहितात आणि जातात. अज्ञात इसमही पैसे मोजून घरी जातो. एवढ्या सलोख्याने चालणारा दुसरा व्यवहार गावात नसेल.

या सलोख्याला एकच पेटी नख लावू शकते. जिथे बॉयलर, पाइपलाइन, मोठाले ओतीव सुटे भाग बनतात, तिथे ती टेम्पोतून येते-जाते. औद्योगिक रेडिओग्राफीचा कॅमेरा असं तिचं नाव. त्यात लग्नाचे फोटो निघत नाहीत. वेल्डिंगचा जोड आतून पोकळ राहिला आहे का, ते दिसतं. त्यासाठी आत इरिडियम-१९२चा काही मिलिमीटरचा तुकडा बसवलेला असतो. त्याचे किरण बाहेर पडू नयेत म्हणून भोवती शिसं किंवा क्षीण युरेनियम. त्यामुळे हातात मावेल एवढी पेटी वीस किलोच्या आसपास भरते.

आणि इथेच शास्त्रज्ञ चुकले. माणसाला वाचवायला त्यांनी वजन घातलं. वजन पाहून आपला माणूस लांब पळेल अशी त्यांची कल्पना होती! आपल्याकडे एवढीशी वस्तू एवढी जड लागली, की उचलणाऱ्याच्या मनात पहिला विचार पितळेचा येतो आणि दुसरा तांब्याचा. तिसरा विचार करायला वेळ नसतो, कारण भंगारवाल्याचा काटा आठ वाजता बंद होतो.

हा काटा काढूनही निघत नाही. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने जानेवारी २०१७ मध्ये मोठ्या बंदोबस्तात हटवला. तो पुन्हा उगवला आणि २०२५ मध्ये पुन्हा हटवावा लागला. आपल्याच जिल्ह्यात लासलगावला ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ केंद्र २००२ पासून आहे. तिथे कोबाल्ट-६०चे किरण देऊन कांद्याला कोंब येणं थांबवता येतं. भंगार बाजाराचे कोंब थांबवणारी मात्रा मात्र ट्रॉम्बेलाही अजून सापडलेली नाही.

पण सगळा ठपका चोरावर ठेवणं अन्यायाचं होईल. या क्षेत्रातली देशातली सर्वांत गाजलेली कामगिरी कुठल्याही चोराच्या नावावर नाही. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६०चं एक यंत्र वर्षानुवर्षं बंद पडून होतं. २०१० मध्ये विद्यापीठाने ते रीतसर लिलाव करून भंगारात विकलं. मायापुरीच्या बाजारात कामगारांनी ते फोडलं. एकाचा जीव गेला, सात जण किरणांनी भाजून निघाले. चोराला निदान कुलूप तोडावं लागतं, अंधाराची वाट पाहावी लागते. विद्वानांना तेही कष्ट नाहीत. त्यांना ठराव पुरतो.

ब्राझीलमधल्या गोयानियात १९८७ साली दोघांनी ओस पडलेल्या दवाखान्यातून असंच यंत्र उचललं आणि फोडून भंगारवाल्याला विकलं. आतली सीझियमची पूड अंधारात निळसर चमकत होती. भंगारवाल्याने ती कौतुकाने घरी नेली, पाहुण्यांना वाटली. चार माणसं गेली, त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती; एक लाखाहून अधिक लोकांना तपासणीसाठी रांगेत उभं राहावं लागलं. म्हणजे पेटी बंद आहे तोवर निभावतं. छिन्नी लागली की विनोद संपतो.

फोडली नाही, थेट भट्टीत टाकली, तरी सुटका नाही. २००८ मध्ये फ्रान्समधल्या कारखान्यात लिफ्टची बटणं जुळवणाऱ्या वीसेक कामगारांना किरणोत्साराची मात्रा बसल्याचं निघालं. बटणांच्या पोलादात कोबाल्ट-६० मुरलेलं होतं आणि माग काढत काढत तपास आपल्या खोपोलीच्या ओतकाम कारखान्यापर्यंत आला. निर्यातीत महाराष्ट्र अग्रेसर आहे, तो असा.

आता गंमत बघा. खरं इरिडियम आपण किलोने घालायला तयार असतो. खोट्या इरिडियमला मात्र आपल्याकडे कोटींचा भाव आहे. ‘राईस पुलर’ नावाचं जुनं तांब्याचं भांडं, त्यात म्हणे ‘कॉपर इरिडियम’, ते तांदळाचे दाणे ओढतं आणि नासावाले ते घ्यायला टपून बसलेले! दिल्लीत २०१८ मध्ये एका बापलेकाने किरणांपासून बचावाचे चंदेरी झगे दाखवून व्यापाऱ्याकडून १ कोटी ४३ लाख काढले. सौद्याची किंमत साडेसदतीस हजार कोटी सांगितली होती. या भांड्यातून कसलेच किरण निघत नाहीत, तरी त्याच्यासाठी झगा. ज्या पेटीतून खरोखर निघतात, ती खांद्यावर टाकून स्कूटरने.

जगाने यावर विचार केलेला नाही, असं नाही. किरणोत्साराचं तीन पात्यांचं पिवळं चिन्ह लोकांना कळत नाही, हे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्याही लक्षात आलं. आपल्याकडे ते पाहून कुणालाही पंख्याची आठवण होते, आणि पंख्याच्या मोटारीत तांबं असतं. म्हणून भारतासह अकरा देशांत लोकांना विचारून २००७ मध्ये नवं चिन्ह काढलं: लाल त्रिकोण, किरणं, कवटी आणि पळत सुटलेला माणूस. हेतू चांगला आहे. पण रोहित्रावरच्या धोक्याच्या पाटीवर पिढ्यान्‌पिढ्या कवटीच आहे, आणि त्यातलं तेल नि तांबं काढणारे हात ती कवटी पाहतच काम करतात. पळणारा माणूस तर त्यांना जातभाईच वाटणार. माल घेऊन निघालाय, असं समजतील.

तेव्हा आमची सूचना. पाटी चोर वाचत नाही, कायदा वाचत नाही, कवटी वाचत नाही. भाव मात्र न चुकता वाचतो. अणुऊर्जा नियामक मंडळाने प्रत्येक पेटीवर ठळक मराठीत दर छापावा: ‘शून्य रुपये किलो’. आणि तोच दर प्रत्येक भंगारवाल्याच्या फळ्यावर, बिडाच्या खाली आणि पत्र्याच्या वर, लिहायला लावावा.

धोका एकच. शून्य रुपये वाचून आपला माणूस गालात हसेल, शेठ आपल्याला येडा समजतो म्हणेल, आणि आत नक्की सोनं आहे या खात्रीने पेटी घरी नेऊन स्वतःच फोडायला बसेल.