उपाशीपोटी ब्रह्मानंद

आमच्या घराण्यात आजार फारसे नाहीत, उपचार मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत. आजोबा पहाटे तांब्यातलं शिळं पाणी ढोसत. वडील केस गळू नयेत म्हणून फलाटावर उभ्या उभ्या नखांवर नखं घासत. केस संपले तरी घासणं चालूच राहिलं. मामांनी काही काळ शिवांबू घेतलं. कोणी नाक मुरडलं की ते ‘मोरारजीभाई देसाई नव्व्याण्णव वर्षं जगले’ एवढंच म्हणत. 29 फेब्रुवारीला जन्मलेल्या मोरारजींचे वाढदिवस कसे मोजायचे, असं मी एकदा विचारलं. तेव्हापासून त्यांच्याकडे मला चहा विचारत नाहीत. विचारला तरी मी घेतला नसता.

मला पित्ताचा त्रास आणि ब्रह्मांडाचं कुतूहल ही दोन्ही चाळिशीत एकदमच लागली. दोहोंवर एकच उपाय मिळाला तर बरं, म्हणून मी आधी ओशोंचं डायनॅमिक ध्यान धरलं. दहा मिनिटं नाकाने वेडावाकडा श्वास, दहा मिनिटं मनात येईल ते ओरडायचं, दहा मिनिटं हात वर करून ‘हू हू’ करत उड्या, मग पंधरा मिनिटं असाल तिथे पुतळा आणि शेवटी पंधरा मिनिटं नाच. सगळं पहाटे, उपाशीपोटी. पहिल्याच टप्प्यात बोटांना मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं. मला वाटलं, कुंडलिनी. डॉक्टर झालेला भाचा म्हणाला, “मामा, भराभर श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या.” शिकलेल्या मुलांशी अध्यात्म बोलू नये. ओरडण्याच्या टप्प्याला वॉचमन येऊन गेला, उड्यांच्या टप्प्याला खालच्या मजल्यावरच्या आजी. पुतळ्याच्या पंधरा मिनिटांत मात्र मला खरंच काहीतरी दिसलं. कांदेपोहे होते. वर ओलं खोबरं.

मग विपश्यना. गोएंका गुरुजींचं उदाहरण डोळ्यांपुढे होतं. बर्मातले हे व्यापारी 1955 साली अर्धशिशीने हैराण होऊन विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर नुसत्या डोकेदुखीपायी आला असाल तर घेणार नाही, असं त्यांना ऐकावं लागलं. पुढे 1969मध्ये ते भारतात आले आणि 1976 साली इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना केंद्र उभं राहू लागलं. डोकेदुखीची ही गत, तर पित्ताला कोण विचारतो! मी कारण ‘आत्मशोध’ असं सांगितलं.

दहा दिवसांचं शिबिर, दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत आर्य मौन. पहाटे चारला घंटा, साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण. त्यानंतर थेट पाचला नव्या साधकांना चहा आणि फळ किंवा कुरमुरे. जुन्यांना तेही नाही, नुसतं लिंबूपाणी. दालनभर माणसं मौनात कुरमुरे खातात तेव्हा जो आवाज होतो, तो ज्याने ऐकला नाही त्याला भूक म्हणजे काय ते कळलेलं नाही. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहायचा. मन सूक्ष्म होतं म्हणतात, ते शंभर टक्के खरं. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मटकी आहे की वाटाणा, हे मला ध्यानगृहात डोळे मिटून कळू लागलं. पुढे अधिष्ठान: तासभर हात, पाय, डोळे काहीही उघडायचं नाही. संवेदना उठते, विरते, सगळं अनित्य. गुडघ्याला हे पटत नव्हतं आणि पोटाला तर मुळीच नाही. पण खोटं कशाला सांगू, शेवटी शेवटी एकदा शरीर कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते ते कळेनासं झालं. मी त्याच्या काठावर असतानाच घंटा झाली. जेवणाची. माझ्याआधी माझे पाय उठले.

घरी आल्यावर बायको म्हणाली, “अहो, दहा दिवस गप्प होतात ना? मग त्याचं वर्णन दहा महिने चालणार का?”

खरा साक्षात्कार झाला तो शंखप्रक्षालनात. घेरंडसंहितेत या क्रियेला वारिसार धौती म्हटलं आहे. मीठ घातलेलं कोमट पाणी दोन ग्लास प्यायचं, ताडासनापासून उदराकर्षणापर्यंत पाच आसनं करायची, पुन्हा दोन ग्लास. आत गेलं तसंच नितळ पाणी बाहेर येईपर्यंत. मिठामुळे ते आतड्यात फारसं मुरत नाही, सरळ वाट काढतं. ती वाट काढत असताना माणसाला भूत, भविष्य, वर्तमान, गृहकर्जाचा हप्ता, काही म्हणजे काही आठवत नाही. इतकी एकाग्रता मला इगतपुरीच्या डोंगरातही साधली नव्हती. मग न झोपता पाऊण तास पडून राहायचं आणि शेवटी मऊ मुगाची खिचडी, वर तुपाची धार. पहिल्या घासाला माझे डोळे भरून आले.

“दर सोमवारी करते,” बायको म्हणाली, “तेव्हा म्हणता, पुन्हा खिचडी?”

माझ्यापुरता निकाल लागला आहे: सगळ्या मार्गांनी मी पोचलो एकाच ठिकाणी, पानावर. ज्यांना स्वतः पाहायचं असेल त्यांनी शंखप्रक्षालन जाणकारासमोरच करावं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असेल त्यांनी त्या मिठाच्या वाटेला जाऊच नये. बाकीच्यांनी सोसायटीचं पाणी किती वाजता जातं, ते आदल्या दिवशी सेक्रेटरींना विचारून ठेवावं.