एक राज्य, एक गणवेश, एक भाषण

१५ मार्च २०२४ ही तारीख शाळेच्या फलकावर रंगीत खडूने लिहून ठेवावी, अशी आहे. दुसऱ्या दिवशी लोकसभेची आचारसंहिता लागायची होती, त्यामुळे मंत्रालयात शासन निर्णयांची नुसती झुंबड उडाली होती. त्या गर्दीत शालेय शिक्षण विभागाचे दोन निर्णय होते. पहिल्याने शिक्षकांचा पोशाख ठरवला. बाईंनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा, सरांनी फिकट शर्ट आणि गडद पँट, शर्ट आत खोचलेला, जीन्स नको, टी-शर्ट नको, चित्रविचित्र नक्षी तर अजिबात नको. शिवाय डॉक्टर जसे नावामागे ‘डॉ.’ लावतात, तसे शिक्षकांनी ‘टि’ लावावे. दुसरा निर्णय संचमान्यतेचा, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक मिळणार याचा. त्याच्या निकषांत कमी पटाच्या शाळांतली पदे उडतात म्हणून शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. थोडक्यात काय, एका कागदाने मास्तरांचा शर्ट आत खोचला आणि दुसऱ्याने मास्तरांनाच बाहेर काढले.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात या दोन निर्णयांचा मेळ फार सुंदर बसतो. वाडीवरची शाळा, पट अकरा, वर्ग चार आणि गुरुजी एक. तेच मुख्याध्यापक, तेच लिपिक, पोषण आहाराचा हिशेबही त्यांच्याकडेच. त्यांनी शर्ट खोचला आहे की नाही, हे बघायला शाळेत दुसरे मोठे माणूस नाही. केंद्रप्रमुख यायचे तर साकव पाण्याखाली.

लोकमान्य टिळकांचे वडील गंगाधरपंत याच रत्नागिरीत शिक्षक होते. व्याकरण आणि त्रिकोणमितीवर पुस्तके लिहिलेला माणूस. धोतर, अंगरखा, डोक्यावर पगडी. आज ते असते तर खुलासा द्यावा लागला असता: पगडीचा रंग गडद कसा, अंगरखा आत का खोचलेला नाही आणि नावामागे ‘टि’ का नाही. ‘टि. टिळक’ असे लिहायला त्यांना कसेसेच झाले असते, पण वेतनवाढीचा प्रश्न असला की माणूस बरेच काही लिहितो.

शिक्षकांना शिवून झाल्यावर मुलांचा नंबर होता. खरे तर मुलांचा आधीच लागला होता. ‘एक राज्य, एक गणवेश’ ही घोषणा २०२३ ची. तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर आमच्या शेजारच्या सावंतवाडीचे. कोकणातला पाऊस त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरीही ठरले की पहिली ते आठवीच्या सरकारी शाळांतल्या मुलांसाठी कापड एकाच ठिकाणाहून निघेल, कापून जिल्ह्याजिल्ह्यात जाईल आणि बचत गटाच्या बायका ते शिवतील. शिलाई एका गणवेशाची ११० रुपये. एवढ्यात चिपळूणचा शिंपी फक्त माप घेतो. २०२४ चा जून आला, शाळा सुरू झाली, कापड वाटेत होते. जुलै आला, कापड वाटेतच होते. पंधरा ऑगस्टला कित्येक शाळांतली मुले जुन्याच कपड्यांत झेंड्यापुढे उभी राहिली. जिथे गणवेश पोचले तिथे कुणाच्या बाह्या कोपरापर्यंत, तर कुणाची पँट दोघांना पुरेल अशी. सगळ्या राज्यातल्या मुलांना एका मापात बसवायचे म्हटल्यावर थोडा बळाचा वापर होणारच. बूट-मोज्यांचेही सांगतो: एका बुटाच्या जोडासाठी आणि दोन मोज्यांच्या जोडांसाठी मिळून विद्यार्थ्यामागे १७० रुपये. ते बूट आमच्याकडे जूनमध्ये चिखलात शिरतात आणि मोजे गणपतीपर्यंत चुलीवरच्या दोरीवर धुरी घेत लटकतात.

मी गणवेशाच्या विरुद्ध नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर पालक संघ दारात येईल. ज्या पोराकडे धड एकच सदरा आहे त्याला सरकारी शर्ट म्हणजे आधार आहे. दुसऱ्याच्या मुलाच्या अंगावरचे भारी कपडे रोज बघत बसण्यापेक्षा सगळे निळे बरे. याच रत्नागिरीत शंभर वर्षांपूर्वी प्रश्न कपड्यांचा नव्हताच, शाळेत कोण आत बसणार आणि कोण ओटीवर, याचा होता. स्थानबद्ध सावरकरांनी मुलांना सरमिसळ बसवावे म्हणून इथल्या शाळांचे उंबरठे झिजवले होते. सरकारने त्यांच्यावर अट घातली होती की राजकारणात पडायचे नाही. मुलांनी कुठे बसावे हे सरकारला बहुधा राजकारण वाटले नाही. नशीब आपले.

तर कपडे एकसारखे असायला हरकत नाही. पण शिंप्याच्या हातात कात्री दिली की तो जिभेपर्यंत पोचतो.

आता बघा, १ ऑगस्टला रत्नागिरीपासून गडचिरोलीपर्यंत एकाच सकाळी एकच भाषण होते. ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजन वर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हांला लोकमान्य टिळकांविषयी चार शब्द सांगणार आहे, ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावे ही नम्र विनंती.’ या योजनेला निविदा लागली नाही, माप चुकले नाही, पुरवठा उशिरा झाला नाही. सरकारने न करता यशस्वी झालेली ‘एक राज्य, एक भाषण’ योजना ती हीच. आणि भाषणात असते काय? मुलाने मास्तरांना तोंडावर दिलेला नकार! मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफले उचलणार नाही. आता ही शेंगांची गोष्ट घडली तशी घडली का, आणि इथे घडली की पुण्यात, हे सोडून द्या. दहाव्या वर्षी बाळ वडिलांच्या बदलीबरोबर पुण्याला गेला, तेव्हा दोन्ही गावांनी टरफले वाटून घ्यायला हरकत नाही. गंमत वेगळीच आहे. इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातवारे सुद्धा बाईंनी बसवून दिलेला चौथीतला मुलगा ठणठणीत आवाजात आज्ञाभंगाचे गुणगान करतो, आणि मग टाळ्या पडतात, आणि मग बाई त्याला सांगतात, ‘जा आता, ते माइक उचलून ठेव.’ तो मुकाट्याने उचलतो.

समजा त्यानेच एखाद्या दिवशी म्हटले, ‘बाई, मी नाय खाल्ल्या, मग मी का उचलू?’ पहिली दुरुस्ती होईल ती ‘नाय’ची. ‘नाही म्हणावे बाळा.’ म्हणणे काय आहे ते नंतर, ते प्रमाण मराठीत आहे का ते आधी. मग प्रकरण पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर जाईल. तिथे एक काका विचारतील की शेंगा आल्या कुठून, पोषण आहारात शेंगदाणे होते का, आणि असतील तर आमच्या मुलाला का नाही मिळाले. गुरुजींकडून खुलासा मागवला जाईल. शेवटी सगळे मिळून त्या मुलाला स्वच्छता मॉनिटर करतील, टरफलांसह त्याचा फोटो काढतील आणि पोर्टलवर चढवतील. बाळ गंगाधर आज असता तर त्याच्या नावापुढे ‘उपक्रमशील विद्यार्थी’ लागले असते आणि नकार कुठे गेला ते त्यालाही कळले नसते.

मुलांना व्यक्त होण्याची संधी मिळत नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. २०२४ च्या सुरुवातीलाच मुख्यमंत्र्यांचे शुभेच्छापत्र शाळाशाळांत पोचले होते. ते हातात धरून आईवडिलांबरोबर सेल्फी काढायचा, तो चढवायचा, वर घोषवाक्यही लिहायचे. अभिव्यक्ती अभिव्यक्ती म्हणतात ती आणखी काय वेगळी असते? फक्त पत्र तिकडून इकडे आले. इकडून तिकडे पत्र लिहायचा उपक्रम निघाला नाही. निघाला असता तर आमच्याकडच्या निम्म्या पत्रांत एकच ओळ असती: आमचे गुरुजी बदलून गेले, दुसरे कधी येणार?

कपडे आणि विद्यार्थ्यांचे बोलणे यांची सांगड ही काही आजची नाही. आपल्याकडचा तिचा सर्वात गाजलेला खटका ऑक्टोबर १९०५ चा. वंगभंगाचे दिवस. पुण्यात विद्यार्थ्यांनी परदेशी कपड्यांची होळी केली, पुढाकार फर्ग्युसनमधल्या विनायक सावरकर नावाच्या विद्यार्थ्याचा. कॉलेजचे प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे. त्यांनी या विद्यार्थ्याला दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. टिळक खवळले. ‘केसरी’त अग्रलेख आला: ‘हे आमचे गुरूच नव्हेत’. आता यातली मंडळी बघा. टिळक जन्मले रत्नागिरीत. रँग्लर परांजपे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. आणि दंड झालेला विद्यार्थी पुढे सरकारनेच तेरा वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात आणून ठेवला. म्हणजे भांडण पुण्यात झाले तरी सगळा माल कोकणचाच.

परांजप्यांची बाजूही अगदीच टाकाऊ नव्हती. कॉलेजात बापाच्या कर्जावर शिकणारी मुलेही असणार. सरकारची मर्जी फिरली तर कॉलेज चालवायचे कसे? त्याच महिन्यात बंगालमध्ये कार्लाइल साहेबाचे परिपत्रक निघाले होते. पोरे राजकीय सभांना गेली तर शाळेचे अनुदान आणि शिष्यवृत्त्या जातील, असा त्याचा मथितार्थ. साहेब हुशार. त्याने पोराला धरले नाही, हेडमास्तरांचे अनुदान धरले. पुढचे काम हेडमास्तर स्वतःच करतात, आणि साहेबापेक्षा नेटाने करतात. साहेब गेला, तरी अनुदान हा शब्द कानावर पडताच शाळेत जी शांतता पसरते ती अजून तशीच आहे. पण दहा रुपयांच्या दंडाचा हिशेब कुणी तरी घालावा. तो विद्यार्थी गप्प झाला, असे इतिहासात कुठे नोंदलेले दिसत नाही.

मधल्या काळात राज्यघटना आली. एकोणिसाव्या कलमात नागरिकांना भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य मिळाले. नागरिकाचे वय त्यात लिहायचे राहिले, त्यामुळे मुले मधूनमधून कोर्टात जातात. केरळात तीन भावंडे राष्ट्रगीताला अदबीने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे ते म्हणत नसत. शाळेने काढून टाकले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले, म्हणजे न बोलण्याचाही हक्क मान्य केला. आमच्या शाळांनी या निकालाचा अर्थ जरा सढळ हाताने लावलेला दिसतो: गप्प बसण्याचा हक्क आहे ना, मग तो साडेदहा ते पाच बजावा.

अलीकडचे प्रकरण मुंबईच्या चेंबूरचे. तिथल्या आचार्य-मराठे कॉलेजने बुरखा, हिजाब, स्टोल, टोपी, बॅज, सगळे एका परिपत्रकात बांधून गेटबाहेर ठेवले. मुली उच्च न्यायालयात गेल्या, जून २०२४ मध्ये याचिका फेटाळली गेली. कॉलेजला हुरूप आला आणि जीन्स-टी-शर्टही गेटबाहेर गेले. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी, बॅजवरच्या बंदीला स्थगिती दिली. वर्गात बुरखा मात्र नको, असे सांगितले. आणि न्यायमूर्तींनी विचारले, टिकली किंवा टिळा लावलेला चालत नाही, असेही म्हणणार का? धर्म दिसू नये म्हणून नियम केला, असे कॉलेजचे म्हणणे होते. मुलीचे नाव वाचले की धर्म दिसतो, त्यावर स्टोल टाकता येत नाही.

मला त्या यादीतला बॅज फार आवडला. एवढ्याशा बॅजने संस्थेचे काय वाकडे होते, ते अमेरिकेतल्या एका शाळेलाही १९६५ मध्ये कळले होते. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ तेरा वर्षांची मेरी बेथ टिंकर दंडाला काळी फीत बांधून गेली, शाळेने घरी पाठवली. चार वर्षांनी तिथले सर्वोच्च न्यायालय तिच्या बाजूने उभे राहिले. हीच काळी फीत आपल्याकडे शिक्षक बांधतात, तेव्हा तिला आंदोलन म्हणतात. विद्यार्थ्याने बांधली तर विचारतात, ‘घरात कुणी गेले का रे?’

असो. गणवेशाची गोष्ट मात्र गोड झाली. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने स्वतःचाच निर्णय फिरवला. कापड, रंग, शिलाई, सगळे पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे. या समितीत पालक असतात, गुरुजी असतात आणि, बऱ्याच जणांना माहीत नसते, दोन विद्यार्थीही असतात. मला ती सभा डोळ्यांसमोर दिसते. वाडीतले पाच पालक आलेत, बाहेर पाऊस आहे, चहा झालेला आहे. विद्यार्थी प्रतिनिधींनी सतरंजी घातली, कप गोळा केले आणि हजेरीच्या रकान्यात नाव लिहिले. विषय क्रमांक एक: गणवेशाचा रंग. अध्यक्षांच्या मेहुण्याचे दुकान ज्या रंगाचे कापड ठेवते, तो रंग सर्वानुमते मंजूर. एवढ्यात पाचवीतली प्रतिनिधी उभी राहते. ‘गुरुजी, मुलींच्या ड्रेसला खिसे ठेवतील काय? पेन्सिल ठेवायला काय नाय.’

सभेत थोडे हसू. अध्यक्ष म्हणतात, प्रश्न चांगला आहे, पण विषयपत्रिकेवर नाही, शेवटी आयत्या वेळच्या विषयांत घेऊ. गुरुजी इतिवृत्ताची वही पुढे ओढतात आणि लाइट जायच्या आत संपवावे म्हणून शेवटची ओळ आधीच लिहून टाकतात: ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी आलेले विषय: निरंक.’