आप्पांचा साक्षीभाव

हातकणंगल्याच्या माणसाला सत्य शोधायला हिमालयात जावं लागत नाही. कुंभोजचा बाहुबली डोंगर तालुक्यातच आहे. आळत्याला रामलिंग, आणि त्याच रामलिंग रोडवर विपश्यनेचं केंद्र. पौर्णिमेला नरसोबाची वाडी, रविवारी जोतिबा, अमावास्येला आदमापूरचे बाळूमामा, आणि अद्वैताची तलफ आलीच तर कोल्हापूर ओलांडून कणेरी मठ. कुठंही गेलं तरी संध्याकाळी धारेच्या वेळेला माणूस परत गोठ्यात. त्यामुळं या पट्ट्यात उसाच्या बरोबरीनं साधकाचाही एक वाण चांगला येतो. हा वाण गावोगाव आहे. सोयीसाठी आपण त्याला आप्पा म्हणू.

आप्पा साठीच्या पुढचे. कपाळावर कधी अष्टगंध, कधी भंडारा, कधी काहीच नाही. ज्या दिवशी काहीच नसतं त्या दिवशी त्यांचं निर्गुण चालू असतं. चहाच्या गाड्यावर बसले की ‘मी’ हा शब्द वर्ज्य. “ह्या देहाला अर्धा चहा दे रं, साखर कमी.” पैसे द्यायची वेळ आली की मात्र त्या देहाचा खिसा नेमका कुणाचा, हे काही केल्या ठरत नाही.

पण आप्पा भोंदू नव्हेत. भोंदूला आपण फसवतोय हे पक्कं ठाऊक असतं. आप्पांनी कुणाला अंगारा दिला नाही, कुणाकडून रुपया घेतला नाही, आणि शिष्य म्हणाल तर त्यांच्या घरच्या काकीसुद्धा व्हायला तयार नाहीत. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यात दुसऱ्याला फसवणाऱ्याची सोय आहे, स्वतःला फसवणाऱ्याला कलम नाही. त्यामुळं आप्पा मोकळे आहेत.

कणेरीला त्यांना कळलं की तिथले पूर्वीचे काडसिद्धेश्वर महाराज आणि मुंबईचे निसर्गदत्त महाराज हे गुरुबंधू, दोघेही सिद्धरामेश्वर महाराजांचे शिष्य. पुढं हेही कळलं की निसर्गदत्तांचं विड्यांचं दुकान होतं आणि ते स्वतःही विडी ओढत. एवढा बोध होताच आप्पांनी सोडलेली तंबाखू पुन्हा धरली. महाराज १९८१ साली घशाच्या कॅन्सरनं गेले, हे कुणीतरी सांगून पाहिलं. “देह गेला,” आप्पा म्हणाले, आणि चुना मळायला घेतला.

आळत्याचं दहा दिवसांचं शिबिर हे त्यांच्या आयुष्यातलं मोठं प्रकरण. मोबाईल जमा, पहाटे चारला घंटा, आर्य मौन. पहिले तीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना, आणि तेव्हापासून अधिष्ठान: एक तासभर डोळे उघडायचे नाहीत, हात-पाय हलवायचे नाहीत. परत आल्यावर गाड्यावर त्यांनी सगळा वृत्तान्त सांगितला.

“समोरच्या रांगेत एक मास्तर होता. तासात तीनदा पाय बदलला गड्यानं. आनि खांबाजवळचा तर झोपलाच.”

“आप्पा, डोळं मिटायचं असतंय न्हवं?”

“मिटलेलंच हुतं की. साधना वाढली की कळतंय.”

पुढच्या खेपेला ते जुने साधक झाले. जुन्या साधकाला दुपारच्या जेवणानंतर काही खायचं नसतं, संध्याकाळी नुसतं लिंबूपाणी. काकींनी बॅगेत तळाला भडंगाची पुडी घातली होती. येताना पुडी रिकामी. काकींनी विचारलं तर म्हणाले, “भडंग खाल्लं गेलं. पन खाणारा मी न्हवतो. मी बघत हुतो.”

“मग कांदा-लिंबू बी द्याला पायजे हुतं,” काकी म्हणाल्या, “नुसतं कोरडं काय बघितलासा!”

हसण्यावारी नेण्यासारखं नाही ते एकच, बांधाचं. आप्पांचं आणि धाकट्या भावाचं, तात्याचं, रान लागून. दरवर्षी नांगरटीला आप्पांचा ट्रॅक्टर बांधाला जरा जास्तच प्रेमानं भिडतो. वीतभर माती इकडं येते, वळवाचा पाऊस खूण पुसतो, लावणीनंतर उसाच्या पाल्यात काही दिसत नाही. पूर्वी ज्या बांधावरून बैलगाडी जायची, तिथून आता मांजरानंसुद्धा जपून जावं. आणि याच माणसाच्या तोंडी ‘माझं-तुझं ही माया’. तात्या म्हणतो, “मान्य. मग मायेतला माझा दीड गुंठा परत द्या.” त्यानं मोजणीचा अर्ज टाकलाय.

खरं सांगायचं तर आप्पांना एकदा सत्य दिसलं होतं, आणि मी ते फार मानतो. दुसऱ्या शिबिराहून आल्यावर रात्री काकींना म्हणाले, “डोळं मिटलं की मला बाकी काय बी दिसत न्हाई गं. नुसता बांध दिसतोय.” इतकं नितळ वाक्य मोठ्या तपाशिवाय येत नाही. काकींना वाटलं, आता सकाळी उठून हे तात्याकडं जाणार. सकाळी आप्पा उठले आणि मांडी घालून बसले. “तिथं शिकवलंय, जे दिसंल ते बघत ऱ्हायाचं. प्रतिक्रिया द्यायाची न्हाई. म्हणून बांधाला मी हात लावणार न्हाई.” म्हणजे बांध आहे तिथंच राहणार. जे औषध तिडीक शमवायला दिलं होतं, ते त्यांनी टोचणीवर लावलं. आणि नांगरटीच्या वेळी? तेव्हा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर असतो. आप्पा फक्त बघतात.

परवा घरची मंडळी बाहुबलीला गेली. डोंगरावरची ती २८ फुटी संगमरवरी मूर्ती, १९६३ सालची. पायांवर चढलेल्या वेली. ओळखीतल्या एका आजोबांनी कथा सांगितली. बाहुबलीनं द्वंद्वात थोरल्या भावाला, भरताला हरवलं, जिंकलेलं राज्य तिथंच सोडलं आणि वर्षभर उभ्यानं तप केलं. अंगावर वेली चढल्या, पण केवलज्ञान काही होईना. मनात एक शल्य होतं: आपण उभे आहोत ती जमीन भरताची. शेवटी भरत आपण होऊन आला, वाकला, तेव्हा ते शल्य गेलं.

आप्पा बराच वेळ मूर्तीकडं बघत होते. काकींनी श्वास धरला.

“ऐकलंस न्हवं?” आप्पा म्हणाले. “उभा धाकटा. जमीन थोरल्याची. मी तात्याला दुसरं काय सांगतोय?”

“आनि भरत आपनहून गेलता त्येचं काय?” काकी म्हणाल्या. “तुमी कवा जाताय?”

“जाऊ की,” आप्पा चपला शोधत म्हणाले. “आधी मोजणी तर हू दे.”