दहा मिनिटांच्या खालचं धरत नाहीत

आपल्या देशाचा दिवस पहाटे चार वाजता सुरू होतो. निदान सरकारदरबारी तरी. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या वेळ-वापर सर्वेक्षणात आदल्या दिवशीच्या पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंत माणसाने काय काय केलं, ते अर्ध्या-अर्ध्या तासाने लिहून घेतात. चारचा मुहूर्त ज्या साहेबांनी काढला, त्यांच्या घरी तेव्हा दीड वर्षाचं मूल नसणार. असतं, तर चार वाजता दिवस सुरू होतो असं ते म्हणालेच नसते. त्या वेळी आदलाच दिवस खांद्यावर मान टाकून कुरकुरत असतो.

सर्वेक्षण सहा वर्षांवरच्यांचं असतं. सहाच्या खालच्यांना विचारत नाहीत. बरोबरच आहे, मालकाचे तास कोण मोजतो?

या सर्वेक्षणाचा एक नियम मला फार आवडला. अर्ध्या तासात जास्तीत जास्त तीन कामं लिहायची, तीही दहा मिनिटं किंवा त्याहून जास्त चाललेली. त्याखालचं धरत नाहीत. कुठेतरी रेघ मारावीच लागते, कबूल. पण ही रेघ बरोबर आमच्या डोक्यावरून गेली आहे.

सकाळी साडेसात ते आठ हा रकाना घ्या. कणीक भिजवायला घेतली, चार मिनिटं. आतून हाक, “आई, झालीऽऽ!” हात धुवा, तिला धुवा, पुन्हा हात धुवा, तीन मिनिटं. (न्हाणीघरापासून दोन पावलांवर बाबा पेपर वाचत बसलेले असतात. हाक त्यांना वळसा घालून स्वयंपाकघरात येते.) तेवढ्यात धाकट्याने रव्याचा डबा उपडा करून त्यात बैठक मारलेली. रवा झाडा, मूल झाडा, पाच मिनिटं. मोजा सापडत नाही. सापडतो तो भावाचा. एक वेणी होते, दुसऱ्या वेणीची रिबन धाकट्याच्या तोंडात. डब्यात भाजी-पोळी नको, तूप-साखर-पोळी हवी. गुंडाळी नको, तुकडे हवेत. तुकडे केले, तर “तू पोळी मोडलीस” म्हणून भोकाड. ती पुन्हा जोडून देता येत नाही हे पटवण्यात दोन मिनिटं. खाली व्हॅनवाले काका हॉर्न वाजवतात, आणि एका हातात दप्तर, एका हातात बूट, काखेत धाकटा अशी वरात जिन्याने उतरते.

आता लिहा. यातलं एकही काम दहा मिनिटांचं नाही. नियमावर बोट ठेवून भरला, तर रकाना कोरा. शेजारच्या कागदावर बाबांचा रकाना: ‘वर्तमानपत्र वाचन, तीस मिनिटं’. सलग, सुवाच्य, खाडाखोड नाही. अशी माहिती गोळा करायला सरकारी माणसालाही हुरूप येतो.

एवढं गळूनही जे आकडे आले ते काही कमी नाहीत. २०२४च्या सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८. पुरुषांची ही सरासरी जे काम करतात त्यांचीच बरं का. जे ताटावरून उठून थेट सोफ्यावर जातात, ते या हिशेबात नाहीतच. २०१९ला हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांचं काम दहा मिनिटांनी हलकं झालं. ही बातमी घरोघरी पोचली असावी, कारण पुरुषांनी लगोलग आपलंही नऊ मिनिटांनी हलकं करून घेतलं. स्त्री-पुरुष समानता म्हणतात ती हीच.

घरातल्यांना सांभाळण्याचा हिशेब वेगळा मांडतात. त्यात हे काम करणाऱ्या बायकांची १३७ मिनिटं आणि पुरुषांची ७५. या पंचाहत्तर मिनिटांबद्दल मी कुठेही वाईट बोलणार नाही. त्यात पोट भरलेल्या बाळाला लगेच हवेत उडवणं येतं. रात्री साडेनऊला, पोर पेंगायला लागल्यावर, घोडा-घोडा खेळणं येतं. आणि सोसायटीच्या बागेत घसरगुंडीपाशी उभं राहून फोनवर बोलणं येतं. ते पाहून बाकावरच्या आज्या म्हणतात, “किती हो करतात मुलांचं!” त्याच बागेत त्याच घसरगुंडीपाशी मी फोनवर बोलले, तर त्याच आज्या म्हणतात, “पोराकडे लक्ष नाही हो हिचं.”

कायदाही या बाबतीत समंजस आहे. २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा दिली. पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं असंही म्हटलं. बापाने किती वेळा जावं याबद्दल कायदा बोलत नाही. त्याची मीटिंग चालू असते हे संसदेलाही ठाऊक असणार. केंद्र सरकारच्या नोकरीत मात्र बापाला १५ दिवसांची रजा मिळते. बाराव्या दिवशी बारसं. उरलेले तीन दिवस नातेवाइकांना फोटो पाठवण्यात जातात.

पुढच्या सर्वेक्षणात काही नवी कामं घालावीत, अशी माझी नम्र सूचना आहे. पहिलं काम ‘मान डोलावणे’. डॉक्टर बजावतात, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. घरी पोचेपर्यंत आजीने सहाण धुऊन ठेवलेली असते, शेजारी वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ. “तुझ्या नवऱ्याला मीच उगाळून दिलीये गुटी, काय झालं त्याला?” या प्रश्नाचं उत्तर तोंडावर आलेलं असतं. ते गिळायचं आणि मान डोलवायची. दवाखान्यात एकदा, घरी एकदा. मग बाळ रात्री किंचाळलं की डॉक्टर म्हणतात काही दिलंत का, आजी म्हणतात दिलं नाहीस ना, आणि दोन्हीकडे जबाबदार व्यक्ती एकच निघते.

दुसरं काम ‘ग्रुप वाचणे’. शाळेच्या ग्रुपचं नाव ‘पेरेंट्स’ असलं, तरी त्यात सगळ्या आयाच. एक बाबा होते. पहिल्याच दिवशी साठ वेळा ‘गुड मॉर्निंग मॅम’ पाहून ते बाहेर पडले, आणि बाहेर पडता येतं हे आम्हाला तेव्हाच कळलं. रात्री नऊ चाळीसला मेसेज येतो: ‘उद्या पौष्टिक भाज्या दिवस. मुलांना दिलेल्या भाजीच्या वेशात पाठवावे. दोन ओळी पाठ असाव्यात.’ आमच्या वाट्याला वांगं. जी मुलगी वांग्याचा वासही सहन करत नाही, तिने उद्या सकाळी ‘मी खूप गुणकारी आहे’ असं म्हणायचं. दुकानं बंद. मग जांभळी ओढणी बाहेर येते, चांगली पैठणीवरची, तिला कात्री लागते. जुन्या खोक्याचा पुठ्ठा, त्याला हिरवा रंग, देठ तयार. अकराला बाबा येऊन लांबून बघतात आणि म्हणतात, “देठ जरा वाकडं झालंय.” हे त्यांच्या पंचाहत्तर मिनिटांत धरायचं की नाही, ते सांख्यिकीवाल्यांनी ठरवावं.

हे सगळे आकडे पेपरात छापून आले त्या दिवशी आमच्या सासऱ्यांनी ते पेन्सिलीने अधोरेखित केले. आबांची हयात हिशेब खात्यात गेली. आकडा सुटा दिसला की त्यांना तो कुठल्या तरी रकान्यात बसवल्याशिवाय चैन पडत नाही. पाकिटाच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यांनी बेरीज मांडली, मला हाक मारली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“अगं, २८९ आणि १३७ म्हणजे झाली ४२६. दिवसाची मिनिटं १४४०. वजा जाता उरली १०१४.”

“हो आबा.” धाकटा माझ्या पायाला लोंबकळत होता.

“झोपेचे आठ तास पूर्ण काढलेत हो मी, तुझ्यावर अन्याय नको. तरी ५३४ उरतात. नऊ तासांना सहा मिनिटं कमी.” त्यांनी उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. “एवढा वेळ रोज काय करतेस गं तू?”