अवकाशातले अडते

माणसाला हवं ते होण्याची मुभा दिली तर तो काय होईल, यावर तत्त्वज्ञांनी आजवर बराच कागद काळा केला आहे. आइसलँडमधल्या रेक्याविक शहरातल्या सीसीपी नावाच्या कंपनीने कागदाच्या भानगडीत न पडता सरळ प्रात्यक्षिकच मांडलं. मे २००३ मध्ये तिने ‘ईव्ह ऑनलाइन’ हा खेळ बाजारात आणला. सात हजारांहून जास्त सूर्यमाला, त्यांत हिंडायला याने, पाडायला शत्रू, बळकवायला साम्राज्यं. मरणाचीही धास्ती नाही; मेलात की दुसऱ्या देहात जागे होता. सेनापती व्हा, चाचे व्हा, अज्ञाताच्या शोधात निघा, काय वाटेल ते करा. २०१६ पर्यंत दरमहा वर्गणी तेवढी भरावी लागे.

एवढं ब्रह्मांड पायाशी ओतल्यावर माणसाने काय निवडलं? दलाली.

लढाया होत नाहीत असं नाही. जानेवारी २०१४ मध्ये या खेळातली एक महाप्रचंड लढाई झाली, ‘टायटन’ जातीची ७५ अजस्र याने एका दिवसात भस्मसात झाली आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी बातम्या छापल्या. पण तिचं निमित्त काय, तर एका सूर्यमालेच्या ताब्याचं बिल वेळेवर भरलं गेलं नाही. महायुद्धाच्या मुळाशीसुद्धा थकबाकी! अशा विश्वात तलवारीपेक्षा खातेवही धारदार ठरली, तर दोष कुणाला द्यायचा?

या विश्वाची राजधानी म्हणजे जिता. तिथे चौथ्या ग्रहाच्या चौथ्या चंद्रापाशी एक स्टेशन आहे. नावाला ते लष्करी यानांचा जुळणी कारखाना. खेळाडूंनी तिथे माल आणून आणून त्याचं मार्केट यार्ड करून टाकलं. इथे ठिय्या मारून बसणाऱ्याला ‘स्टेशन ट्रेडर’ म्हणतात. यान त्याच्याकडे असतं, पण ते बाहेर काढायची वेळच येत नाही. हुद्द्याने अंतराळवीर, अंतराळ मात्र त्याने खिडकीतूनही पाहिलेलं नसतं. त्याची नजर सदैव एका यादीवर. समजा कुणी एक तोफ १२ लाखांना विकायला लावली, तर आपला वीर तीच तोफ ११,९९,९९९.९९ ला लावणार. सगळ्यात स्वस्त माल यादीत सगळ्यात वर दिसतो. एका शतांशाने त्याने पहिला नंबर पटकावला. पहिला विक्रेता चवताळतो आणि ११,९९,९९९.९८ करतो. मग हा .९७. भाव एकदा बदलला की पाच मिनिटं पुन्हा हात लावता येत नाही, म्हणून दोघेही घड्याळ लावून बसतात. बायको जेवायला हाक मारते. ‘आलोच, पाचच मिनिटं,’ असं उत्तर येतं आणि ते शब्दशः खरं असतं. हे शतांशयुद्ध वर्षानुवर्षं चाललं. शेवटी २०२० साली कंपनीला फर्मान काढावं लागलं की किमतीचे पहिले चार आकडेच काय ते बदलता येतील, शेपटाला हात लावायचा नाही.

पण शतांशाने पोट भरणारा हा गरीब किरकोळीतला माणूस. खरी विद्या पुढे आहे आणि ती या खेळात रीतसर शिकवली जात असे. ‘मार्जिन ट्रेडिंग’ हे तिचं नाव. हे कौशल्य पाचव्या पातळीपर्यंत शिकलेल्याला खरेदीची बोली लावताना पूर्ण रक्कम अडकवून ठेवावी लागत नसे, जेमतेम चौथा हिस्सा पुरे. उरलेले पैसे सौदा होईल तेव्हा खात्यात असले म्हणजे झालं. नसले तर? बोली आपोआप रद्द. हे ‘नसले तर’ ज्याने नीट वाचलं तो तरला.

आता प्रयोग पाहा. एखादा दुर्मीळ सुटा भाग बाजारात २० कोटींना विकायला आहे. त्याच यादीत कुणी भला माणूस तोच भाग ५० कोटींना मागतो आहे, फक्त एका वेळी चार नग हवेत. नवशिक्याच्या तोंडाला पाणी सुटतं. जगातल्या एवढ्या दलालांना हे दिसलं नाही, आपल्यालाच कसं दिसलं, हा प्रश्न त्याला पडत नाही. अशा वेळी तो कुणालाच पडत नाही. जन्माची कमाई ओतून तो ८० कोटींचे चार नग उचलतो, २०० कोटींच्या बोलीपुढे ठेवतो, आणि बोली अंतर्धान पावते. घेणाऱ्याचं खातं रिकामं होतं. विकणारा आणि घेणारा एकच, हे सांगायला नकोच. भाबडा गडी तक्रार घेऊन कंपनीकडे धावतो. कंपनी शांतपणे सांगते की फसवणूक हा खेळाचा भाग आहे.

या वाक्याला मी मनापासून दाद देतो. एखाद्या सरकारने आपलं आर्थिक धोरण इतक्या कमी शब्दांत सांगितल्याचं ऐकिवात नाही. आपल्याकडे ‘साठेबाजांची गय केली जाणार नाही’ हे वाक्य दर पावसाळ्यात नव्याने छापावं लागतं.

साठेबाजीचा विषय निघालाच आहे तर गूनस्वॉर्म या टोळीचा उल्लेख टाळता येणार नाही. २०११ च्या शरद ऋतूत या मंडळींनी बर्फाचा बाजार मांडला. खेळात गॅलेंटे नावाचं एक साम्राज्य आहे. तिथल्या बर्फापासून ऑक्सिजनची समस्थानिकं मिळतात आणि त्यांवर मोठी याने व तळ चालतात. थोडक्यात, ते तिथलं डिझेल. गूनस्वॉर्मने आधी गुपचूप साठा केला आणि मग आपले वीर पाठवून बर्फ खणणाऱ्या बिचाऱ्यांची याने दिसतील तिथे उडवायला सुरुवात केली. पुरवठा आटला, भाव कडाडले, गोदामं उघडली. टंचाई निर्माण करायला आपल्याकडे अफवा, संप, वाहतूकदार असे किती हात लागतात! इथे तोफा पुरल्या.

पोलिस नव्हते का? होते की! या खेळातले पोलिस कधी चुकत नाहीत, विकले जात नाहीत, गुन्हेगाराला हटकून ठार करतात. फक्त येतात गुन्हा झाल्यावर. वरातीमागून घोडं, पण शंभर टक्के खात्रीचं. गूनस्वॉर्मने पोलिसांच्या हातून मरणं हा धंद्यातला किरकोळ खर्च धरला आणि स्वस्तातली याने पाठवली. त्यातही मौज अशी की त्या वेळी पोलिसांनी उडवलेल्या यानाचा विमा मिळत असे. दरोडा घालायचा, पोलिसांच्या गोळीने मरायचं, दुसऱ्या देहात उठून विम्याचा चेक वटवायचा आणि पुन्हा दरोड्याला निघायचं. नोव्हेंबरअखेर कंपनीने ही विम्याची सोय बंद केली, तेव्हा काही घरांत सुतक पाळलं गेलं असावं असा माझा अंदाज आहे.

पुढल्या वर्षी उत्तरेकडच्या बड्या आघाड्यांनी टेक्नेशियम या धातूची मक्तेदारी केली. हा धातू देणारे चंद्र बहुतेक त्यांच्याच ताब्यात. एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेले हे लोक भाव बांधायला मात्र एका टेबलाशी बसले आणि ओपेकच्या धर्तीवर संघटनेला नावही ओटेक ठेवलं. तेलवाले शेख निदान जागतिक स्थैर्य वगैरे बोलतात. इथे कुणी तोंडदेखलंही बोललं नाही. त्याच वर्षी कंपनीने टेक्नेशियमची गरज भागवणारा पदार्थ इतर धातूंपासून बनवण्याची किमया खेळात आणली आणि मक्तेदारी खिळखिळी केली. सरकारच किमयागार असलं की एवढी सोय होते.

पण हे सगळं झालं ठोक व्यापाराचं. ज्याला कला म्हणावं असं काम २०१२ च्या उन्हाळ्यात पाच जणांनी केलं. त्या मे महिन्यात कंपनीने युद्धाचे नवे नियम आणले होते. शत्रूचं यान पाडलं की त्याच्या आणि त्यातल्या मालाच्या बाजारभावाच्या प्रमाणात तुम्हाला निष्ठेचे गुण मिळणार. गुण लष्करी भांडारात द्या, वस्तू घ्या, बाजारात विका. किती न्याय्य! जितकं नुकसान मोठं तितकं बक्षीस मोठं. हा नियम लिहिणाऱ्याला युद्ध पक्कं ठाऊक असणार, फक्त तो मंडईत कधी गेलेला नसावा. कारण मंडईतल्या पोरालाही कळतं की बाजारभाव म्हणजे शेवटी झालेल्या सौद्यांची सरासरी, आणि सौदा व्हायला दोन माणसं लागतात, ती एकमेकांना अनोळखी असलीच पाहिजेत असं नाही.

या पाच जणांनी कुणी कुत्रंही विचारत नाही अशा वस्तू शोधल्या. आधी बाजारातला होता नव्हता तो माल गोळा केला. मग आपल्याच एका खात्यातून आपल्याच दुसऱ्या खात्याला तो अचाट किमतीला विकला. पुन्हा विकला. अजून एकदा. आपल्याकडे गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा ठरतो, पण तिथे निदान हात दोघांचे असतात. इथे रुमालाखालचे दोन्ही हात एकाचेच. बाहेरचा कुणी फिरकतच नव्हता, त्यामुळे विश्वाच्या सरासरीत या कचऱ्याला सोन्याचा भाव चढला. मग तो कचरा एका भुक्कड यानात भरला, ते यान शत्रूच्या सैन्यात नाव घातलेल्या स्वतःच्याच दुसऱ्या पात्राच्या हाती दिलं आणि गोळी घातली. सरकारी हिशेबात केवढी कामगिरी! शत्रूची अब्जावधींची रसद बेचिराख. गुणांचा पाऊस पडला. स्वतःला मारून वीरचक्र घ्यायचं आणि वीरचक्र मोडीत काढायचं, हा उद्योग चालला तोवर सुमारे ५ लाख कोटी आयएसके जमले. आयएसके हे खेळातलं चलन.

आणि मग या पाच जणांनी काय केलं? आपण हे कसं केलं ते जगाला सविस्तर लिहून सांगितलं. पैशांपेक्षा कौतुकाची भूक मोठी असते, म्हणून तर अनेक घोटाळे उघडकीला येतात. कंपनीने सूत्र बदललं आणि कमाई काढून घेतली. म्हणजे भोळ्या शेजाऱ्याला ८० कोटींना बुडवणं हा खेळाचा भाग, पण सरकारी सूत्राला बुडवणं हा गुन्हा. यातही जगावेगळं काही नाही.

आता कुणी म्हणेल की कंपनीत अर्थशास्त्र कळणारा माणूसच नसेल. होता. डॉ. एयोल्फर गुडमुंडसन यांना सीसीपीने २००७ मध्येच अर्थतज्ज्ञ म्हणून नेमलं होतं. महागाईचा निर्देशांक, चलनपुरवठा, तिमाही अहवाल सगळं यथासांग निघत असे. ते पुढे २०१४ साली अकुरेरी विद्यापीठाचे प्रमुख झाले. व्हॉल्व्ह या दुसऱ्या खेळ-कंपनीने २०१२ मध्ये यानिस व्हारुफाकिस यांना असंच नेमलं, आणि जानेवारी २०१५ मध्ये ते ग्रीसचे अर्थमंत्री झाले. आमच्याकडे आईबाप ‘गेम खेळून पोट भरणार आहे का’ म्हणत पोराच्या हातून मोबाइल हिसकावतात, तेव्हा ते देशाचा एखादा अर्थमंत्री हिसकावत असतात याची त्यांना कल्पना नसते.

मात्र या विश्वातही एक पाप अक्षम्य आहे. तिथे ईबँक नावाची खेळाडूंनी चालवलेली बँक होती, लोक विश्वासाने ठेवी ठेवत. २००९ मध्ये तिच्याच प्रमुखाने २०० अब्ज आयएसके उचलले आणि काळ्या बाजारात खऱ्या डॉलरांना विकले. हातात सहा हजारांहून थोडे जास्त ऑस्ट्रेलियन डॉलर आले; त्याच्या सांगण्याप्रमाणे ते घराच्या सुरुवातीच्या रकमेत आणि दवाखान्यात गेले. बातमी फुटताच ठेवीदारांची झुंबड उडाली. कंपनीने त्याला हाकलला. ठेवीदारांचे पैसे ढापले म्हणून? छे! ते चालतं. नियमबाह्य एवढंच होतं की त्याने खेळातला पैसा खऱ्या पैशाला विकला. खोट्या जगातली चोरी क्षम्य, तिने खऱ्या जगातला दवाखाना भागवला की बेशिस्त. खरा पैसा देऊन खेळातला पैसा मिळवायचा अधिकृत रस्ता मात्र कंपनीच्या दुकानातून जातो. तो अहोरात्र उघडा असतो.

जिथे हा खेळ जन्माला आला तिथल्या खऱ्या चलनाची आंतरराष्ट्रीय खूणही आयएसके हीच, आइसलँडिक क्रोना. सप्टेंबर २००८ मध्ये तिथल्या कौप्थिंग बँकेने डंका पिटला की कतारच्या एका शेखने आपले ५.०१ टक्के शेअर विकत घेतले आहेत. अरबस्तानातला माणूस एवढा विश्वास टाकतो म्हटल्यावर लोकांना धीर आला. पुढे कळलं की शेखला ते पैसे कौप्थिंगनेच कर्जाऊ दिले होते. तीन आठवडे उलटायच्या आत बँक झोपली. बाजारभावात फेरफार आणि विश्वासघात या आरोपांखाली खटला चालला आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये आइसलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने चौघांना चार ते साडेपाच वर्षांची कैद फर्मावली. त्यांच्याच शहरात, त्यांच्याच चलनाचं नाव घेतलेल्या चलनात, विकणारा आणि घेणारा एकाच घरचा असलेला हाच सौदा बिनधास्त करायची जागा पाच वर्षं आधीपासून उपलब्ध होती. दरमहा वर्गणी भरायची, जिताच्या चौथ्या चंद्रापाशी जाऊन बसायचं, आणि फारच बोभाटा झाला तर कमाई तेवढी परत द्यायची. पण मोठ्या बँकांतल्या मोठ्या माणसांना पोरांच्या खेळात लक्ष घालायला वेळ कुठून असणार?