पंधरा पिनांचा मोर्चा

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, क्रांती चौकातून मोर्चा निघाला की तो कुठल्या रस्त्याने जाणार आणि कुठल्या साहेबांच्या दारात निवेदन देऊन पांगणार, हे जालना रोडवरच्या रिक्षावाल्यालाही पाठ असतं. चौकामागच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, परवाच्या रविवारी निघालेल्या मोर्चाचं तसं नव्हतं. माणसं पाच आणि मागणी एकच: २००९ साली घेतलेला लॅपटॉप भिंतीवरच्या नव्याकोऱ्या ५५ इंची टीव्हीला जोडून मिळावा. निवेदन कुणाला द्यायचं, ते मात्र शेवटपर्यंत ठरलं नाही.

मागणीला कारण होतं. थोरल्या मुलाच्या लग्नाची डीव्हीडी सापडली होती आणि ती जिच्यात घालता येईल अशी घरातली एकमेव वस्तू म्हणजे तो लॅपटॉप. नव्या टीव्हीला खाच नाही, सुनेच्या ऑफिसच्या लॅपटॉपलाही नाही. डीव्हीडी प्लेअर भंगारात निघाला तेव्हा आजी ‘राहू द्या, खायला मागतोय का?’ म्हणाल्या होत्या. हे त्या दिवसभरात त्यांनी सहा वेळा सांगितलं.

लॅपटॉपच्या कुशीला एक निळी, रुंद खाच होती. टीव्हीच्या पाठीला एक काळी, चपटी खाच होती. आजोबांनी सरकारी नोकरीत असताना वेतनवाढ अडू नये म्हणून एमएस-सीआयटी केलं होतं, पण त्या अभ्यासक्रमात खाचांची सोयरीक जुळवण्याचा धडा नव्हता.

निळी खाच म्हणजे व्हीजीए. आयबीएमने ती १९८७ मध्ये आणली. तीन ओळींत पाच-पाच अशा पंधरा पिना, बाजूला दोन स्क्रू, आणि चित्र ६४० बाय ४८० ठिपक्यांचं. काळी खाच एचडीएमआयची. तिचा पहिला आराखडा डिसेंबर २००२ मधला. पिना एकोणीस, चित्राबरोबर आवाजही त्याच केबलमधून. फोर-के टीव्हीवर ठिपके ३८४० बाय २१६०, म्हणजे त्या पहिल्या व्हीजीएच्या बरोबर २७ पट. (शहराचं नाव बदललं तरी पिनकोड राहिला, इथे नाव राहो न राहो, पिनाच बदलतात.)

आणि भांडण नुसतं पिनांच्या संख्येचं नाही. व्हीजीएच्या तारेतून लाल, हिरवा, निळा असे तीन रंग विजेच्या कमी-जास्त दाबाने वाहत येतात. नळाच्या धारेसारखे. एचडीएमआयला धार चालत नाही. तिला मोजून भरलेले हंडे लागतात, शून्य आणि एकचे. धार हंड्यात भरायची तर मध्ये कुणीतरी उभं राहावं लागतं. ते काम चिप करते, आणि चिपला वीज लागते. म्हणून एका टोकाला व्हीजीए आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी जी नुसती वायर स्वस्तात मिळते, ती या कामी दोरीइतकीच उपयोगी. वाळत घालायला बरी.

आता यातली खरी गंमत. एचडीएमआय ज्या सात कंपन्यांनी मिळून आखली, त्यांत तोशिबा होती आणि फ्रान्सची थॉमसनही होती. या दोघींची पत्रिका थेट या शहराशी जुळते. पैठण रस्त्यावर चितेगावला ‘१४ किलोमीटर स्टोन’ असा साधासुधा पत्ता लावून बसलेल्या व्हिडिओकॉनने ऐंशीच्या दशकात तोशिबाच्याच तांत्रिक सहकार्याने रंगीत टीव्ही बनवायला घेतले. पुढे २००५ मध्ये याच व्हिडिओकॉनने थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा जगभरातला धंदा विकत घेतला. म्हणजे २००२ मध्ये ज्या थॉमसनने नव्या चपट्या टीव्हीच्या खाचेच्या आराखड्यावर सही केली, तिनेच तीन वर्षांनी जुन्या फुगीर टीव्हीची काच मराठवाड्याच्या गळ्यात घातली. फ्रेंच माणूस वाइन जुनी ठेवतो, काच नाही. २०१८ मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे उभी राहिली. त्याला ट्यूबचा सौदा हे एकच कारण नव्हतं, पण पिक्चर ट्यूब तोवर माळ्यावर गेली होती.

तर नातू पैठण गेटला गेला. तिथे मोबाईलच्या दुकानांची इतकी दाटी, की कव्हर पाहायला थांबलेल्या माणसाला मागची गर्दीच पुढच्या दुकानात नेऊन सोडते. नातवाने कन्व्हर्टर आणला. एका बाजूला व्हीजीए, दुसरीकडे एचडीएमआय, मध्ये डबी, सगळं शास्त्रशुद्ध. जोडलं. टीव्ही म्हणाला: नो सिग्नल. सोर्स बदलून पाहिला. एचडीएमआय एक, दोन, तीन. तिन्हीकडे तोच निरोप, बदलीच्या अर्जाला मिळतो तसा.

आजोबा स्वतः डबी घेऊन दुकानात गेले. काउंटरवरच्या पोराने ती हातातही घेतली नाही. ‘काका, ये उल्टावाला है. एचडीएमआय से व्हीजीए. तुमको सीधावाला होना.’ दोन्ही डब्या दिसायला सारख्या, जाण्याच्या दिशा विरुद्ध. एकेरी वाहतूक या शहरात फक्त कन्व्हर्टरमध्येच पाळली जाते, असं म्हणून आजोबांनी आणखी तीन-चारशे रुपये मोजले. सीधावाल्याला शेपटी होती, ती लॅपटॉपच्या यूएसबीत खोचायची; तिथून चिपला वीज मिळते.

चित्र आलं. म्हणजे हिरवेगार डोंगर असलेलं वॉलपेपर आलं. नुसतं वॉलपेपर. डीव्हीडी लॅपटॉपवर चालू आणि टीव्हीवर डोंगर. विंडोज आणि पी ही दोन बटणं एकदम दाबली की चार पर्याय येतात: फक्त लॅपटॉप, दोन्हीकडे तेच, पडदा वाढवून, किंवा फक्त टीव्ही. वाढवून ठेवलेला पडदा म्हणजे शेजारच्या प्लॉटचा सातबारा आपल्या नावावर झाल्यासारखा, वर काही बांधलेलं नाही. आजोबांनी ठामपणे शेवटचा पर्याय निवडला. लॅपटॉप काळा झाला. ‘गेला,’ आजी म्हणाल्या आणि देवापुढच्या समईकडे पाहिलं. लॅपटॉप गेला नव्हता, सगळं टीव्हीवर गेलं होतं, पण हे समजावून सांगेपर्यंत आजोबांनी पॉवरचं बटण दाबून धरलं.

दुसऱ्या फेरीत दोन्हीकडे तेच आलं, मात्र टीव्हीवर खालची पट्टी कापलेली. स्टार्टचं बटण भिंतीत गेलेलं. याला ओव्हरस्कॅन म्हणतात आणि तो पिक्चर ट्यूबचा वारसा. ट्यूबच्या कडेला चित्र धड बसत नसे, म्हणून चौफेर थोडं कापून दाखवायची रीत पडली. ट्यूब गेली, रीत राहिली. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ असा कुठलासा केला की कापलेलं परत येतं. हा पर्याय शोधायला सूनबाईंना पंचवीस मिनिटं लागली, कारण रिमोटवर चित्रपट दाखवणाऱ्या कंपन्यांना चार स्वतंत्र बटणं आहेत आणि सेटिंगला एक, तेही बारीक.

‘एवढं करण्यापेक्षा वायफायवरून टाका ना,’ हा सल्ला धाकट्या मुलाने पुण्याहून फोनवर दिला. पुण्याहून सल्ले वायरीशिवाय येतात. त्यासाठीची मिराकास्ट नावाची सोय २०१२ ची, आणि विंडोजमध्ये ती ८.१ पासून अंगभूत आली. हा लॅपटॉप विंडोज ७ वर. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ची सेवा १४ जानेवारी २०२० ला थांबवली. गुगलच्या क्रोमने फेब्रुवारी २०२३ मध्ये हात काढून घेतला. त्याच महिन्यात केंद्राने शहराच्या नव्या नावाला मंजुरी दिली. लॅपटॉपच्या घड्याळातलं शहर कुठलं, हे तपासायला कुणी गेलं नाही.

या सगळ्यात लॅपटॉप बिघडलेला नव्हता आणि टीव्हीही नव्हता. नेमकं मधलंच नव्हतं. हे दुखणं या गावाला नवं नाही. त्याच पैठण रस्त्याने, चितेगावच्या पुढे गेलं की जायकवाडी. नाथसागराचं पोट सुमारे १०२ टीएमसीचं. आणि इकडे शहरात वर्षानुवर्षं आठ-आठ दिवसांनी नळ येत आला. सोर्स भरलेला, पडदा लावलेला, मध्ये नो सिग्नल. डिसेंबर २०२० मध्ये १६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं, पुढे आकडा २७०० कोटींवर गेला. कन्व्हर्टर दुसऱ्यांदा आणावा लागला की असंच होतं. त्यातला मुख्य जलवाहिनीचा पाइप २५०० मिलिमीटर व्यासाचा, माणूस सरळ उभा चालत जाईल एवढा. बैठका तर त्यात आरामात मावल्या असत्या. मलिक अंबरने सतराव्या शतकात नहरीने पाणी आणलं, तेव्हा त्याला कुणी ‘ये उल्टावाला है’ म्हणालं नसावं.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला लग्न लागलं. टीव्हीवर. डीव्हीडीचं चौकोनी चित्र ५५ इंचभर ताणलेलं, त्यामुळे वऱ्हाडातलं प्रत्येक माणूस खात्यापित्या घरचं. व्हीजीएतून आवाज जात नाही; त्यासाठी हेडफोनच्या भोकातून कन्व्हर्टरपर्यंत वेगळी बारकी वायर लागते, ती दुकानातच राहिली होती. तेव्हा नवरा-नवरी भिंतीवर आणि भटजी टीपॉयवर. तरीही सगळे सरसावून बसले. आजींना आपली पैठणी ओळखू आली. सूनबाईंना आपली कंबर ओळखू आली नाही. अंतरपाट धरला गेला.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरून हाक आली: ‘पाणी आलं!’

पाचही जण उठले. नातू मोटरकडे, सूनबाई पिंपाकडे, आजोबा नळाला पाइप जोडायला. पाइपचं तोंड नळाला बसत नव्हतं, मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळावा लागला. हॉलमध्ये रिकाम्या सोफ्यासमोर पाहुण्यांनी अक्षता टाकल्या आणि टीपॉयवर, लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरमधून, मंगलाष्टकं चालूच राहिली.